सातव्या ठिय्याचा लाल ठिपका

"दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि तोंड बंद. बाकीचं रायफल करते."

नेमबाजीबद्दल वडिलांनी आम्हा भावंडांना शिकवलं ते एवढंच. माझ्या थोरल्या भावाने, रूबेनने, यातलं पहिलं कधी पाळलं नाही, आणि दुसरं तर त्याच्या स्वभावातच नाही.

या ऑगस्टात रूबेनला अडुसष्टावं लागलं. आमची घरं एकाच अंगणात समोरासमोर आहेत, त्यामुळे त्याचा मूड मला सकाळी त्याच्या खिडकीचा पडदा कसा सरकतो त्यावरून कळतो. त्या मंगळवारी पडदा असा ओढला गेला की वरचा दांडाच खाली आला. मी माझं रोजचं स्तोत्र वाचत होते. ते संपल्याशिवाय मी कॉफी पीत नाही, आणि दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाला टोचून बोलत नाही. दुसरा नियम मी मुख्यतः रूबेनमुळेच घेतला आहे.

तो आलाच. दोन्ही हातांत एकेक खोका.

"तीरा, फोल्केने मला फसवलंय. एकदा नाही, दोनदा!"

फोल्के आमच्या गावातला शिकारीच्या सामानाचा दुकानदार. रायफलवर बसवायच्या लाल ठिपक्याच्या दोन साइट त्याने रूबेनला आठवडाभर वापरून बघायला दिल्या होत्या. रूबेनची जुनी दुर्बीण संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळीठिक्कर पडायची, म्हणून ही नवी सोय. आत डोकावलं की काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो जनावरावर, आमच्याकडे मूसवर, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणावर, आणायचा आणि चाप ओढायचा. दोन्ही साइट बोटभर लांबीच्या, काळ्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीला उजेड कमीजास्त करायला गोल खुंटी होती, दुसरीला रबराची दोन बटणं. बाकी मला तरी फरक दिसेना.

"काय बिघडलंय त्यांचं?" मी विचारलं.

"ठिपका ठिपक्यासारखा नाही! या खुंटीवालीत स्वल्पविराम दिसतो. आणि या बटणवालीत कुणीतरी रानातली लाल लिंगनबेरी पायाखाली चिरडल्यासारखं. आता तू सांग, मी मूसवर नेम धरू की वाक्य पुरं करू?"

बारा वाजायला अजून खूप वेळ होता. मी त्याला नुसती कॉफी दिली आणि कपात, आमच्याकडे टाकतात तसे, चीजचे दोन तुकडे जास्त टाकले.

त्याची चिडचिड मला समजत होती. शिकार सुरू व्हायला तेरा दिवस राहिले होते. आमच्या शिकारमंडळाचा कायदा असा, की दरवर्षी मैदानावर चाचणी द्यायची. पुठ्ठ्याचा मूस रुळावरून धावतो, ऐंशी मीटरवरून चार गोळ्या मारायच्या. एक उभ्या मूसला, एक धावत्याला, पुन्हा एक उभ्याला, पुन्हा एक धावत्याला. चारही छातीवरच्या वर्तुळात लागल्या पाहिजेत. एवढं थोराड जनावर जखमी होऊन रानात वेदनेनं फिरत राहावं, याहून मोठं पाप आमच्या गावात नाही. प्रार्थनाघरात न येणारी माणसंसुद्धा ते मानतात.

शिकारीच्या खोपीत भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर दलदलीभोवती दबा धरून बसायच्या जागांचे, म्हणजे ठिय्यांचे, आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक लाकडी खुंटी. खुंटीवर ज्याची चकती, त्याचा तो ठिय्या. सातव्या ठिय्यावर रूबेनची चकती. ती मुळात वडिलांची आहे, मागच्या बाजूला अजून त्यांचं नाव आहे. चाचणीत जो नापास होतो त्याची चकती फळीच्या तळाशी असलेल्या खुंटीवर जाते. तिथे कॉफीची किटली रंगवलेली आहे. मग त्याने आठवडाभर सगळ्यांसाठी कॉफी उकळायची आणि सॉसेज भाजायचे. रूबेनने आयुष्यभर किटलीवाल्यांची टर उडवली. शेवटची चाचणी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होती, आणि तोवर तो तीनदा नापास झाला होता.

त्या संध्याकाळी सहाला सराव होता. मी बन्स घेऊन गेले. लहानपणी तो पुठ्ठ्याचा मूस मीच चक्र फिरवून ओढायची. आता मोटर आहे, पण माझी जागा अजून तीच, चक्राशेजारच्या बाकावर.

रूबेनने आधी खुंटीवाली लावून चार गोळ्या मारल्या. दोन आत, एक मूसच्या मागच्या पायाला, एक आकाशात. मग बटणवाली. पुन्हा दोन आत, एक शेपटीजवळ, एक कुणालाच सापडली नाही.

"हा मूस लंगडत का होईना, वाचला," फोल्के म्हणाला. तो बाकावर बसून माझा दुसरा बन खात होता.

"तुझा माल खोटा आहे!" रूबेन ओरडला. "दोन्हीतला जरा कमी खोटा कोणता, एवढंच सांग. तो घेतो."

"अरे, मी स्वतः बघितलंय. दोन्हींत ठिपका गोल आहे."

"दुकानदाराला आपला माल गोलच दिसणार! आणि तुझा डोळा सातव्या ठिय्यावर आहे, तो वेगळाच."

"आहेच," फोल्के शांतपणे म्हणाला. "तिथे वारा लागत नाही. माझ्या गुडघ्यांना बरं पडेल. तू किटलीपाशी बस, तुझी कॉफी झकास असते."

हिल्दुर हसायची थांबेना. ती आमच्या मंडळाची प्रमुख, पंचाहत्तरीची, आवाज असा की कुत्रे तिच्या हाकेला आधी बसतात आणि मग कुणाचे आहेत ते आठवतात. गोळी सुटायलाच नको म्हणून तिने रूबेनच्या रायफलचा खटका बाहेर काढून खिशात टाकला, रायफल वाळूच्या पोत्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "तीरा, तू बघ. तू खोटं बोलत नाहीस."

मी वाकून बघितलं. लाल ठिपका, छोटासा, गोल. मग दुसरी साइट लावून बघितलं. तोच ठिपका, तसाच गोल. फक्त दोन्ही फार प्रखर होते. रूबेनने उजेड शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता.

"गोल आहे, रूबेन."

"तुला सगळंच चांगलं दिसतं! तू तर माझ्या कोंबड्या नेणाऱ्या कोल्ह्यासाठीसुद्धा प्रार्थना करतेस."

हे खरं होतं.

"हे बघ," तो पुढे म्हणाला, "भाविक नसलेला साक्षीदार पाहिजे मला. तुझ्या फोनला विचार. काढ फोटो. त्यात ठिपका वाकडा आला तर फोल्केने सगळ्यांसमोर माझी माफी मागायची. आणि गोल आला तर… तर मी चष्मेवाल्याकडे जाऊन डोळे तपासून घेईन. लाव पैज!"

"मी पैज लावत नाही," मी म्हणाले. "तुला माहीत आहे."

"एवढीशी पैज!"

"एवढीशीसुद्धा नाही."

वडीलही पैज लावत नसत, त्यांच्यासमोर कुणी लावली तर उठून जात. मग रूबेनने टोपी काढली. "बरं बाई. पैज नाही. शब्द देतो. गोल आला तर जाईन."

"ऐकलं सगळ्यांनी," हिल्दुर म्हणाली.

फोनचा फोटो माझ्या हातून नेहमी अर्धा अंगठ्याचाच येतो. तिसऱ्या खेपेला जमलं. खुंटीवालीचा एक, बटणवालीचा एक. रूबेनने वाचायचा चष्मा नाकावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. आम्ही सगळे त्याच्या खांद्यामागे.

दोन्ही फोटोंत ठिपका गोल होता. पेनाने टेकवल्यासारखा.

फोल्केने तोंड उघडलं, तेव्हा हिल्दुरने त्याच्या तोंडात बनचा राहिलेला तुकडा कोंबला. त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

"म्हणजे स्वल्पविराम माझ्या डोळ्यात आहे," रूबेन हळूच म्हणाला.

मी त्याच्याशेजारी वाळूवर गुडघे टेकले. तेव्हा तो फक्त मला ऐकू जाईल असं बोलला. "गेल्या हिवाळ्यापासून तसंच आहे, तीरा. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे चांदण्यांसारखे फुटतात. म्हटलं, तपासायला गेलो आणि त्याने सांगितलं, बस झालं आता, तर? रायफल गेली, ठिय्या गेला. चकतीमागचं नाव किटलीखाली लटकणार."

माझ्या आवडत्या स्तोत्रातली ओळ जिभेवर आली होती. पण माणसाला कधी ओळ हवी असते आणि कधी खुंटी. मी हात पुढे करून खुंटी फिरवली आणि उजेड निम्म्याहून खाली आणला. "आता बघ. आणि डावा डोळा मिटू नकोस."

"दुर्बिणीत मिटतात."

"ही दुर्बीण नाही. वडील काय सांगायचे?"

त्याने बघितलं. डावा डोळा सवयीने बंद व्हायला लागला, तसा मी त्याच्या कानाशी खाकरले. तो उघडला. मग त्याचे खांदे जरासे खाली आले.

"लहान झाला," तो म्हणाला. "गोल नाही. पण आता तांदळाच्या दाण्याएवढाच आहे. आणि दाण्याच्या बाजूने मूस सगळा दिसतोय! कान, पाय, सगळा!" तो ताडकन उठून बसला. "हिल्दुर, खटका दे. चार गोळ्या. आत्ता!"

"नाही."

"अगं, जमतंय!"

"जमलं तर तू उद्या चष्मेवाल्याकडे जाणार नाहीस. मी तुला साठ वर्षं ओळखते. शब्द दिलास ना? आधी डोळे, मग गोळ्या." तिने खिशावर थाप मारली. "सातव्यावरची चकती मी पुढच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत हलवत नाही. तोवर तिला फोल्केने हात लावला तर त्याला मी आतच बसवीन, किटलीत."

फोल्के बन गिळून म्हणाला, "ते सगळं ठीक. पण साइट कोणती घेणार? एक तरी परत दे."

रूबेन दोन्ही हातांत दोन्ही धरून बसला. इतक्या दिवसांत त्याने त्यांच्याकडे प्रथमच शांतपणे बघितलं असावं. "दोन्ही चांगल्या आहेत," तो म्हणाला. त्याला ते बोलताना किती त्रास झाला ते फक्त मला माहीत.

हिल्दुरने आपला कातडी हातमोजा त्याच्याकडे फेकला, ऑक्टोबरातला, आतून लोकरीचा. "घाल. आता उजेड कमी कर."

त्याने बटणवालीवर बोट ठेवलं. हातमोज्यातलं ते बोट दोन्ही बटणांवर एकदम पडलं आणि ठिपका विझला. पुन्हा केलं, पुन्हा विझला. मग खुंटीवाली. खुंटी हातमोज्यातही कट्‌कट्‌ करत फिरली, एकेक पायरी.

"ही," रूबेन म्हणाला.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो," फोल्के म्हणाला.

"तू दोन्हींबद्दल सांगत होतास!"

"त्यातली एक हीच होती ना?"

सगळे हसले, रूबेनसुद्धा. नंतर त्याने फोल्केची माफी मागितली. तोंडाने नाही. थर्मासमधली शेवटची कॉफी त्याच्या कपात ओतली, आणि स्वतः तसाच राहिला. आमच्याकडे तेवढं पुरतं.

घरी येताना मी म्हणाले, "उद्या मी गाडीने सोडते तुला शहरात."

"बघू," तो म्हणाला. "उद्या पाऊस आहे म्हणे. परवा जाईन. किंवा सोमवारी."

मला वाईट वाटलं. सोमवारी गेला तर गुरुवारपर्यंत चष्मा हाती यायचा नाही. पण आठवण करून देणं आणि टोचणं यांत फार अंतर नसतं, म्हणून मी गप्प राहिले. रात्रीच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं. फोल्केच्या गुडघ्यांचंही.

बुधवारी सकाळी मी खिडकीशी स्तोत्र वाचायला बसले होते. पाऊस नव्हता. समोरचा पडदा अलगद सरकला, दांडा जागेवर राहिला. थोड्या वेळाने दार उघडलं. रूबेनने प्रार्थनाघरात घालायचा निळा कोट घातला होता आणि बूट पुसलेले होते. एका बगलेत बटणवालीचा खोका, फोल्केला परत द्यायचा. त्याने माझ्या खिडकीकडे बघितलंच नाही, म्हणजे मी आहे हे त्याला ठाऊक होतं.

गाडी अंगणातच उभी होती. तिच्याजवळ तो थांबला, किल्ली काढली, जराशी हातात खेळवली आणि परत खिशात टाकली. मग रस्त्याच्या टोकाला, दलदलीकडे तोंड करून उभा राहिला. सातव्या ठिय्याची बर्च झाडं तिथून दिसतात. त्याने डावा डोळा मिटून त्यांच्याकडे बघितलं, मग दोन्ही उघडून.

स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या आणि कॉफी गार होत चालली होती. काचेवर टकटक करावं, हात हलवावा, असं फार वाटलं. मी तोंड बंद ठेवलं.

खालच्या वळणावर शहराकडे जाणाऱ्या सात-चाळीसच्या बसचा आवाज आला. रूबेनने खोका नीट बगलेत धरला आणि थांब्याच्या दिशेने चालू लागला.