दातांच्या खुणांचं पेन

नौशादनं दुरुस्त करून दिलेलं पेन आमचं होतं की दुसऱ्याच कुणाचं, हे मला काही केल्या कळत नव्हतं. आणि मला कळत नाही असं काही झालं की मी आधी चिडते.

पेन बाबांचं. माझे बाबा, नीळकंठ गुरुजी, देऊळघाटच्या शाळेत शिक्षक होते, पण त्यांचं नाव झालं ते शब्दकोड्यांमुळे. पेपरातलं रविवारचं कोडं सोडवून पाठवायचं आणि बक्षीस मिळवायचं. आमचा कुकर बक्षिसाचा, भिंतीवरचं घड्याळही बक्षिसाचं. लोक रस्त्यात ‘कोडेवाले गुरुजी’ अशी हाक मारायचे आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. ती कोडी ज्यानं भरली ते मधाच्या रंगाचं अ‍ॅक्रिलिकचं पेन नौशादच्या वडिलांनी, शकूरचाचांनी, लेथवर हातानं बनवलेलं होतं. त्याच्या मागच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. विचार करताना बाबा पेन चावत असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

बाबा गेले आणि पेन आईच्या मुठीत आलं. आई आता विसरते. सकाळचा चहा घेतलेला विसरते, मला कधीकधी तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारते. पण पेन हातात असलं की अंगठा त्या खुणांवरून फिरवत तासन्‌तास शांत बसते. मी बुलढाण्यात ऑफिसला जाते ती त्याच भरवशावर. शेजारच्या बेबीताई येऊन डोकावतात, पण खरी राखण पेनाचीच. मागं ते हातातून पडलं, टोपणाला तडा गेला आणि त्याची कड आईच्या बोटाला लागायला लागली, म्हणून मी ते नौशादकडे दिलं.

संध्याकाळी घ्यायला गेले तर नवं टोपण अजून लेथवरच होतं. फिरणाऱ्या कांडीला तो हत्यार टेकवत होता आणि अ‍ॅक्रिलिकची लांब लांब साल निघून त्याच्या मनगटावर पडत होती. टोपण मात्र पांढुरकं, मेणबत्तीसारखं दिसत होतं. बिघडवलं यानं, असं मला वाटलं, आणि मी तसं म्हटलंही. तो नुसता हसला. मग त्यानं ओला पॉलिश पेपर लावला, आधी खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी कापडाच्या चाकाला पॉलिशचा साबण लावून त्यावर टोपण धरलं, आणि त्या पांढुरक्यातून मध वर आला. मला फार आवडलं, पण ते मी बोलून दाखवलं नाही. समोरच्या ट्रेमध्ये आमचं पेन होतं आणि शेजारी हुबेहूब तसंच आणखी एक. त्यातलं एक उचलून त्यानं टोपण बसवलं आणि मला दिलं.

घरी आईनं पेन हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि परत माझ्यापुढं धरलं.

“हे माह्यं नाही.”

“आई, हे बाबांचं पेन आहे.”

“त्यायचं असन. माह्यं कुठी हाय?”

नेहमीचाच गोंधळ, असं म्हणून मी पेन उलटं करून पाहिलं. मागचं टोक गुळगुळीत होतं. खुणा नव्हत्या.

त्या रात्री आईनं उशांचे अभ्रे काढले, तांदळाचा डबा उपसला. पेन समोर पलंगावर पडलेलं आणि ही घरभर ते शोधतेय. काखेत कळसा म्हणावं, तर कळसा आपलाच आहे की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. शनिवारी मी ऑफिसात असताना बेबीताईंचा फोन आला. आई अनवाणी मोठ्या रस्त्यावर निघाली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, माह्यं पेन पाह्यलं का बापा. एक बस तिच्या अगदी जवळून गेली, असं बेबीताई म्हणाल्या.  पेन मिळालं नाही तर आईला मी कोंडून ठेवणार होते की नोकरी सोडणार होते?

रविवारी बेबीताईंना आईजवळ बसवलं आणि ते पेन घेऊन डोक्यात राख घालूनच नौशादचं दुकान गाठलं. गेल्यागेल्याच ट्रेमधलं दुसरं पेन उचललं.

“हे आमचं आहे. तुम्ही बदलून दिलंत.”

“बदलून काऊन देऊ मी, ताई?” नौशाद गोंधळला. “ते साखरखेर्ड्याच्या मोतीरामभाऊचं हाय. अब्बानं एकाच कांडीतून दोन काढले होते.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ते पेन उलटं केलं, तर तेही गुळगुळीत. आता मला काहीच कळेना. दोन्ही पेनं माझ्या दोन हातांत, आणि आमचं यातलं एकही नाही.

“आमच्या पेनाला मागं दातांच्या खुणा होत्या,” मी म्हटलं.

“हो ना,” नौशादचा चेहरा एकदम खुलला. “फार खराब झालं होतं ते. मी घासून, बफ मारून साफ केलं. त्याचे पैसे नाही लावले. अब्बाचा दस्तूर हाय, लेथवर चढलेलं पेन कोरं होऊनच उतरलं पाह्यजे.”

मी स्टुलावर बसले. भांडायला शब्द भरपूर आणले होते, त्यातला एकही उपयोगाचा उरला नाही. मी आईचं सगळं सांगितलं. नौशादच्या बायकोनं, राबियानं, चहा आणला होता, तीही कप हातात धरून तशीच उभी राहिली.

“या अल्ला,” नौशाद हळू म्हणाला. मग त्यानं ड्रॉवरमधून बारीक कानस काढली. “खुणा परत करून देतो मी. फक्त सांगा, कशा होत्या. गुरुजी पेन कसे चावत होते? पुढच्या दातानं का दाढेनं?”

मी आठवून पाहिलं. बाबांच्या तोंडात पेन असलेलं मला आठवेना. पेन्सिल तोंडात घातली म्हणून त्यांनी वर्गातल्या पोरांची बोटं लाल केलेली आठवली. माझीसुद्धा. तो माणूस पेन चावेल कशाला? आणि त्यानं नाही चावलं, तर मग चावलं कुणी?

“राहू द्या,” मी म्हटलं आणि आमचं पेन घेऊन निघाले.

घरी बेबीताईंनी आईला गुंतवून ठेवायला रविवारचा पेपर पुढं टाकला होता. कोड्याचं पान वर होतं. मी पेन तिच्या मांडीशी ठेवलं. आईनं ते उचललं, टोपण काढलं आणि कोड्यावर वाकली. मग मान किंचित कलती केली आणि पेनाचं मागचं टोक डाव्या दाढेखाली घेतलं.

ती बराच वेळ चावत होती. मग एक शब्द लिहिला. मग त्याच्या खाली दुसरा. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण मी सूचना वाचून पाहिली, शब्द बरोबर होता. सकाळचा चहा विसरणारी माझी आई.

“आई, कोडं तर बाबा सोडवायचे ना?”

“ते नाव लिहत,” ती पेन तोंडात ठेवूनच म्हणाली. “त्यायचं अक्षर चांगलं होतं.”

मला बाबांचा राग आला, त्या मिशीतल्या हसण्याचा तर फारच. आणि त्याच वेळी ते समोर असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं. स्वयंपाकघरात बेबीताईंनी वरणभाताचा कुकर लावला होता. या कुकरमधलं मी इतकी वर्षं जेवले आणि तो कुणी जिंकला हे मला ठाऊक नव्हतं.

आईनं पेन तोंडातून काढलं, पदराला पुसलं आणि टोकावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

“सापडलं,” ती म्हणाली. “कुठी ठेवलं होतं व तू?”

 कोडं पुरं व्हायला दुपार झाली. एक-दोन घरं रिकामी राहिली, ती तिनं तशीच सोडली आणि पेपर माझ्याकडे सरकवला.

“घे, नाव लिही.”

मी पेन घेतलं. टोक ओलं होतं. खालच्या ओळीवर मी जमेल तितक्या सुंदर अक्षरात आईचं नाव लिहिलं, कुसुम नीळकंठ. आईनं पेपर डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

“अक्षर त्यायच्यासारखं हाय तुह्यं,” ती म्हणाली आणि माझ्या हातातून पेन काढून घेतलं.