दोघांनी उचललेले फाटक

मित्रांनो, नदीकाठच्या राखीव कुरणाच्या तोंडाशी एक लाकडी फाटक उभे आहे, ते मी. मोडीत निघालेल्या एका पुलाच्या फळ्यांतून सुतारबाईंनी मला घडवले. त्यामुळे माणसे आणि गुरे अंगावरून जाण्याची सवय माझ्या लाकडाला आधीपासूनच होती.

ही जमीन कोणा एकाची नाही, सगळ्यांची आहे. सगळ्यांची म्हणून पूर्वी तिची काळजी मात्र कोणीच घेत नसे. वाटेल तेव्हा वाटेल तेवढी गुरे येत. गवताला डोके वर काढायला सवड मिळत नसे. शेवटी मातीतून दगड दिसू लागले, टिटव्या निघून गेल्या. मग कुंपण आले आणि कुंपणात मी आलो. जमिनीचे तुकडे पाडून एकात चराई आणि बाकीच्यांना विश्रांती, अशी पाळी ठरली. नदीकाठचा तुकडा पक्ष्यांसाठी कायमचा बंद झाला. तो माझ्या पाठीशी होता आणि उताराचे तुकडे समोर.

माझी किल्ली रखवालदाराच्या कमरेला असे. एवढ्याशा किल्लीमुळे गुराखी त्याला चेष्टेने 'किल्लेदार' म्हणत. तो मला न चुकता तेल घाली. दोन पावसाळ्यांत गवत परतले, टिटव्याही परतल्या. पाहुणे माझ्यावर हात टेकून फोटो काढत. खरे सांगतो, तेव्हा मी थोडा फुशारलो होतो.

एक बाई मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. मोठा कळप सांभाळणारी ती गुराखीण सगळ्यांची आत्या होती. तिचे आजोबा, वडील याच नदीकाठी गुरे चारत आले होते. एकदा तिच्या तीन गाई कुंपणातून आत शिरल्या आणि किल्लेदाराने त्या कोंडवाड्यात नेऊन घातल्या. आत्याने त्या सोडवून आणल्या, पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणे टाकले. तो समोरून आला की ती आपल्या तांबड्या गाईशी बोलू लागे.

पुढे किल्लेदाराकडे आणखी कुरणे सोपवली गेली. त्याच्या खेपा कमी झाल्या. माझी बिजागरी गंजली, कुलपात धूळ बसली. उताराचा वरचा तुकडा तर विश्रांतीला सोडला तो सोडलाच. तिथले गवत कमरेइतके वाढून वाळले. आत्या एकदा कोणालातरी म्हणाली होती, "एवढं वाळकं गवत राखून काय करणार हे लोक?"

एका दुपारी त्याच गवताने पेट घेतला. कसा, ते कोणालाच कळले नाही. वारा नदीकडे होता आणि मधल्या तुकड्यात आत्याची गुरे होती. दोन्ही बाजूंना तार, मागे धूर, पुढे मी. सगळा कळप माझ्यावर येऊन रेटू लागला. गाभण तांबडीचे पोट माझ्या फळ्यांवर दाबले जात होते आणि मला हलता येत नव्हते. फाटकाच्या जन्माची लाज मला तेव्हाच काय ती वाटली.

धूर पाहून किल्लेदार नदीकडून धावत आला. त्याने किल्ली फिरवली. ती फिरेना.

"आत्या, कुलूप अडकलंय," तो म्हणाला. "फाटकच वर उचलू. तुम्ही तिकडून धरा."

"आधी गुरं मागे घेते, मग उचल," आत्या म्हणाली. इतक्या दिवसांनंतरचे हे त्यांचे पहिले बोलणे.

तिने काठी आडवी धरून गुरे जरा हटवली. मग दोघांनी खांदे लावले, गंजलेली बिजागरी खांबातून निसटली आणि मी आडवा झालो. माझ्या अंगावरून कळप गेला. एक फळी कडकन मोडली. सगळ्यात शेवटी तांबडी गेली, जपून, एकेक पाय टाकत. तिचा पाय उचलला गेला तेव्हा मला जे हलके वाटले, ते आजही आठवते.

पण आत टिटव्यांची घरटी होती. दोघे दोन बाजूंनी धावले आणि कळपाला थेट वाळूवर नेऊन तिथेच थोपवून धरले. आग नदीकाठच्या ओल्या हिरव्या गवतापर्यंत आली आणि विझली.

दुसऱ्या दिवशी किल्लेदाराचे मोठे साहेब आले. आधीच चराई कायमची बंद करण्याची भाषा चालू होती. त्यांनी विचारले, "बंद तुकड्यात गुरं कोणी सोडली?"

"मी," किल्लेदार म्हणाला.

"एकटा कसा उचलेल तो? आम्ही दोघांनी," आत्या म्हणाली.

साहेब आत गेले. टिटवी त्यांच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. अंडी जागच्या जागी होती. "एवढा कळप गेला आणि घरटी शाबूत कशी?" त्यांनी विचारले.

"वळवली म्हणून," आत्या म्हणाली.

साहेब जळक्या उतारावर फिरून आले; आग भडकली होती ती न चारलेल्या वाळक्या गवतामुळेच. चराई बंद झाली नाही. उलट, उन्हाळ्याआधी प्रत्येक तुकड्यातले वाळके गवत पाळीने चारून घ्यायचे ठरले, आणि पाळी ठरवायला गुराखीही बसू लागले. किल्लेदाराची नोकरी राहिली. आत्या आता त्याला "अरे ए" म्हणून हाक मारते, यावरून काय ते समजा.

मला वाटले होते, मोडका म्हणून माझे सरपण होणार. पण सुतारबाईंनी नवी फळी ठोकली, नवी बिजागरी बसवली. नव्या फळीला तांबडी आणि तिचे वासरू अंग घासतात.

मित्रांनो, अशी सगळ्यांची जमीन तुमच्याही जवळपास असेल. तिथे गेलात तर फाटक जसे सापडेल तसेच ठेवून पुढे जा. उघडे असेल तर कोणाची तरी चरायची पाळी चालू असेल, लावलेले असेल तर कोणीतरी आत निजलेले असेल. आणि बिजागरी कुरकुरली, तर रखवालदाराला तेवढे सांगा. दोन थेंब तेल आम्हाला पुष्कळ होते.