आईच्या खिशातली डबी

माझ्या खिशात दहा तास चालणारी डबी आईच्या खिशात दोन तासांत मान टाकते म्हणजे काय! काड्यापेटीएवढा सेल, पोटात पाणी मिसळलेलं मेथॅनॉल, त्यातून वीज, आणि त्या विजेवर आईचं कानाचं मशीन. तिला दिवसभर नीट ऐकू यावं, एवढ्यासाठी तीन वर्षं डोकंफोड करतेय. कंपनीत या कामावर आता मी एकटीच उरलेय. चिडायलाही समोर कुणी नाही.

दर रविवारी आईकडे जाते, डबी कधी चालू, कधी बंद याच्या तिच्यातच साठलेल्या नोंदी उतरवून घेते. "झकास चालतंय गं!" ती म्हणते. कसलं झकास! सकाळी आठला जोरात, दहाला गार. दुपारी एकला वीस मिनिटं जिवंत, की परत बंद. सहाला जरा धुगधुगी. रोज हेच.

मेथॅनॉल पातळ केलं, आतला पडदा बदलला. ढिम्म फरक नाही.

"डबी कुठे आपटतेस का?" मी विचारलं.

"मी कशाला आपटू? मेलं मला बसायला तरी सवड असते का? दिवसभर पायाला भिंगरी!"

गुरुवारी वैतागून सेल टेबलावर टाकला आणि साहेबांच्या बैठकीला गेले. दोन तासांनी येऊन बघते तर बंद. उचलून हलवला, चालू! अगं बाई! वीज तयार होताना आत वायूचे बुडबुडे होतात. चालत्या माणसाच्या खिशात ते हलून सुटतात. डबी स्थिर राहिली की बारीक नळ्यांत अडकतात आणि मेथॅनॉलची वाट अडवतात. मी दिवसभर स्वतःशी बडबडत येरझारा घालते, म्हणून माझ्याकडे सेल चालायचा. नळ्या रुंद केल्या की झालं! मी एकटीनंच टाळ्या पिटल्या.

मग आईच्या नोंदी पुन्हा उघडल्या. एकला जेवायला उठली. सहाला दिव्याचं बटण दाबायला उठली. मधले सगळे तास ती खुर्चीत नुसती बसून होती.

रविवारी नवी डबी तिच्या खिशात घातली. खोटं का बोललीस, हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझं तोंड गप्प बसेल तर ना!

"मशीन तीन-चार तास बंद पडत होतं. तुला कळलं कसं नाही गं?"

आईनं कान चाचपला.

"बंद पडायचं होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, कुणी बोलत नाहीये."