गालावरचा वण

"शिवकन्ये, आगं घरात कावून तोंड बांधलंस? आई येऊ लागली की तुजी!" छबुमावशी चुलीपुढून ओरडली.

शिवकन्येनं स्कार्फची गाठ आणखी आवळली. ऊसतोडीला गेलेली तिची आई, मंगल, आज तेलगावला परतत होती, आणि या हंगामात तिनं लेकीचा खरा चेहरा पाहिलाच नव्हता.

फोनमध्ये फिल्टर होता. त्यात रंग उजळायचा, नाक सरळ व्हायचं आणि डाव्या गालावरचा वण पुसला जायचा. ओळख ना पाळख, असले लोक त्या चेहऱ्याच्या फोटोंना लाल बदाम पाठवायचे, आणि बी.ए.ला असलेली ही पोरगी तास बुडवून ते बघत बसायची. आरसा तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आईचा व्हिडिओ कॉल आला तरी फिल्टर चालूच. सख्ख्या आईपुढं सोंग, म्हणजे हद्दच झाली; पण ते काढायची तिला धास्ती वाटायची.

ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर दारात थांबला. मंगल सगळ्यांच्या आधी उतरली, ती हातात प्रसादाचं खोबरं घेऊनच.

"येताना लिंबागणेशच्या गणपतीपाशी उतरले व्हते. नवस फेडला."

"कशाचा?"

"तुज्या गालाचा! बारकी व्हतीस. उसाच्या फडात माज्या मागं आलीस, मला दिसली न्हाईस, कोयता लागला. तवाच बोलले, वण जाऊ दे, नारळाचं तोरण बांदीन. औंदा फोनात बगितलं, तर गाल साफ! लई रडले. साऱ्या टोळीला दावलं."

शिवकन्येला कुठंतरी पळून जावंसं वाटलं.

"सोड की ते फडकं."

"धूळ हाय, आई."

"माज्यापुढं कसली धूळ?" मंगलनंच गाठ सोडली.

वण होता तिथंच होता. मंगलचं हसू मावळलं. उसाच्या पाचटानं चिरलेली तिची बोटं गालापर्यंत आली आणि अलीकडेच थांबली.

"फोनातलं... खरं नसतंय, आई," शिवकन्या कशीबशी म्हणाली.

"आसंल."

मंगलनं खोबऱ्याचा तुकडा लेकीच्या हातावर ठेवला. ट्रॅक्टरमधून टोळीतल्या बाया हसत उतरत होत्या. त्या जवळ यायच्या आत तिनं स्कार्फ उचलला आणि पुन्हा लेकीच्या तोंडाला बांधला.