पाकीट क्रमांक दोन हजार तीनशे सहा

बियाण्यांच्या त्या सरकारी इमारतीतली थंड खोली इतकी थंड होती, की एकदा एका कारकुनानं आत जाऊन जांभई द्यायला सुरुवात केली आणि ती पुढच्या सोमवारी पुरी झाली. तोवर त्याच्या बढतीची तारीखही निघून गेली. येईल त्या पाहुण्याला टक्केकाका ही गोष्ट सांगत. पाहुणा हसला तर खूश होत, नाही हसला तर आणखी खूश होत, कारण मग "खरं वाटत नाही? चला, आत दाखवतो" म्हणून त्याला अर्धा तास थांबवून घेता येई. अलीकडे मात्र पाहुणेच येत नसत. काका ती गोष्ट आता आतल्या पाकिटांना सांगत. अकरा हजार श्रोते, आणि एकानंही कधी मध्येच घड्याळ पाहिलं नाही.

अकरा हजार चंदेरी पाकिटं. प्रत्येकात कुठल्या तरी शेतातलं, परसातलं, डोंगरउतारावरचं बी. उद्या ते पीक जगातून नाहीसं झालं तर इथं तरी असावं म्हणून सरकारनं जपून ठेवलेलं. ते जिवंत आहे की नाही हे बघणं हे काकांचं काम. पाकिटातून पंचवीस दाणे काढायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात उभी ठेवायची. पाचव्या दिवशी उघडून मोजायचं, नवव्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि किती टक्के उगवले ते लिहायचं. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला सगळीकडे टक्केच दिसू लागतात. नव्या साहेबांना पाहून काका म्हणायचे, "सत्तर टक्के. ओल जरा जास्त लागेल." म्हणून ते टक्केकाका. खरं नाव पगारपत्रकात होतं, तेवढं पुरे होतं.

पूर्वी या खोलीत तिघं होते. एक निवृत्त झाला, एकीची बदली झाली. त्यांच्या जागा भरायचा प्रस्ताव बारा वर्षं वरच्या मजल्यावर होता. काकांच्या मते तोही कुणीतरी थंड खोलीत ठेवला असावा. तेव्हापासून टेबलं तीन आणि माणूस एक. काका सकाळी एका टेबलावर बसत, दुपारी दुसऱ्यावर, संध्याकाळी तिसऱ्यावर. म्हणजे कुठल्या टेबलाला वाटू नये की आपला माणूस रजेवर आहे.

आता पाकीट क्रमांक दोन हजार तीनशे सहा.

त्यात घेवडा होता. काळा कुळकुळीत दाणा आणि त्यावर पांढरा डोळा. बावीस वर्षांपूर्वी काकांची थोरली बहीण तो डब्यातून घेऊन आली होती. आईचा घेवडा. आई गेल्यावर ताईनं तो आपल्या कुंपणाला लावला, पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले. "तुझ्या सरकारी तिजोरीत ठेव," ती म्हणाली होती. "माझा भरवसा नाही, तुझा आहे." काकांनी सहाशे अकरा दाणे मोजून घेतले, ताईला पोचपावती दिली आणि ताईनं ती नाक मुरडून बटव्यात घातली.

नियम असा, की बी आल्यावर एक चाचणी आणि मग दर दहा वर्षांनी एकदा. काकांनी पहिल्या दोन चाचण्या नियमानंच केल्या. मग तिघांचा एक झाला. एका कंटाळलेल्या दुपारी त्यांच्या मनात आलं, घेवडा बघावा का जरा? नवव्या दिवशी त्यांनी गुंडाळी उलगडली, तर पंचवीसपैकी चोवीस कोंब माना वाकवून उभे. घेवडा तसाच उगवतो. आधी मान खाली, मग झटक्यानं वर, हाक मारल्यासारखा. "या," काका म्हणाले. बऱ्याच दिवसांत ते कुणाला या म्हणाले नव्हते.

पुढे सवयच लागली. वाढदिवस आला, काढा पंचवीस. ताप येऊन गेला, काढा पंचवीस. "उगवणशक्तीबाबत शंका" असं कारण ते लिहीत. शंका कसली, शहाण्णव टक्क्यांच्या खाली तो घेवडा कधी आलाच नाही. आणि चाचणीतलं एकही रोप इमारतीबाहेर जाता कामा नये हा दुसरा नियम काकांनी कधी मोडला नाही. दहाव्या दिवशी ते सगळे कोंब भट्टीच्या कपाटात वाळवून टाकत. त्या दिवशी ते जेवणाचा डबा तसाच घरी नेत.

जन्मभर मोजण्याची नोकरी केलेल्या या माणसानं एक गोष्ट मात्र मोजली नाही. किती उगवले ते लिहिलं. किती उरले ते पाहिलंच नाही. पाकीट अपारदर्शक, हात आत घालायचा, पंचवीस काढायचे, पाकीट पुन्हा बंद करायचं.

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या नव्या मॅडम कागद फडफडवत खाली आल्या.

"काका, योजना आलीय! जुनी वाणं पुन्हा शेतात न्यायची. आपल्याकडची चाळीस निवडलीत. हा तुमचा दोन हजार तीनशे सहा पहिल्याच पानावर. या घेवड्यावर तांबेरा रोग पडत नाही म्हणे."

"कुठला पडतोय! आमच्या आईसमोर तांबेऱ्याची काय टाप?"

"मला शंभर दाणे द्या. पन्नास लावू, पन्नास राखीव."

काकांनी पाकीट आणलं, कात्रीनं कोपरा कापला आणि पांढऱ्या ताटलीत उपडं केलं. ताटलीत टपटप आवाज झाला आणि लगेच थांबला. काकांनी पाकीट हलवलं. आत डोकावून पाहिलं. मग बोट घालून सगळे कोपरे चाचपले.

"अकरा?" मॅडम म्हणाल्या.

काकांनी दाणे बोटानं सरकवून पुन्हा मोजले. मॅडमनी नोंदवही ओढून घेतली आणि पानं उलटली. "चोवीस चाचण्या? काका, बावीस वर्षांत चोवीस? कशाला?"

"बघायला," काका म्हणाले.

"काय बघायला?"

"जिवंत आहे का."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. मग तीन टेबलांकडे बघितलं. बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता. "ज्यांनी हे दिलं त्यांना विचारा. त्यांच्याकडे नक्की असेल."

विचारायचं म्हणजे पंचाईत होती. अकरा वर्षं काका ताईशी बोलले नव्हते. भाऊजी गेले त्याच दिवशी इमारतीची वीज गेली होती. काकांनी तीन दिवस बर्फाच्या लाद्या वाहिल्या आणि अकरा हजार पाकिटं वाचवली. चौथ्या दिवशी ताईला फोन केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "राहा मग त्यांच्यापाशीच." काका राहिले.

फोन बराच वेळ वाजला.

"कोण?"

"ताई, मी."

"मी म्हणजे कोण? इथं सगळेच मी असतात."

"मुंगळ्या." हे त्यांचं लहानपणचं नाव. दाणा दिसला की उचलून नेत, म्हणून.

तिकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग, "जिवंत आहेस?"

"आईचा घेवडा तुझ्याकडे आहे ना गं थोडा?"

"माझ्याकडे कुठला? तुला दिला त्या वर्षीपासून लावलाच नाही. सरकारनं ठेवलाय म्हटल्यावर मी कशाला गुडघे झिजवू? शेजारणीनं मागितला, तिलाही सांगितलं, माझ्या भावाकडे आहे, कुठं जात नाही."

काकांनी तिसऱ्या टेबलाचा कोपरा घट्ट धरला. "ताई, तो मी संपवला."

"खाल्लास?"

"नाही गं. उगवून बघितला. सारखा सारखा. आता अकरा दाणे उरलेत. जगात अकराच."

ताई चिडेल, रडेल, फोन आपटेल, काकांनी सगळ्याची तयारी ठेवली होती. ताईनं यातलं काहीच केलं नाही.

"आई किती लावायची, आठवतं?"

"कुंपणभर."

"सात. कुंपणभर वेल सात दाण्यांचा असायचा. तू मोजायला शिकलास ते नोकरीत गेल्यावर. आणून दे, मी लावते."

"खोली सोडून यायचं म्हणजे… वीज गेली तर…"

"बरं," ताई म्हणाली. "पोस्टानं पाठव." आणि फोन ठेवला.

पाच दाणे थंडीत राहिले, सहा पोस्टानं गेले. सगळं बी कधीही एका जागी ठेवायचं नाही, हा तिसरा नियम. वाण राखणारी शेतकरी म्हणून मॅडमनी ताईचं नाव योजनेत घातलं आणि सहीशिक्क्यानिशी पाकीट रवाना केलं. ते मिळाल्याचा निरोप पोस्टमननं दिला, ताईनं नाही.

काकांनी दिवस मोजले. पाचव्या दिवशी ते फोनच्या टेबलावरून उठलेच नाहीत. फोन वाजला नाही. सहाव्या दिवशी त्यांनी रिसीव्हर उचलून पाहिला, चालू होता. सातव्या आणि आठव्या दिवशी त्यांनी पाकिटांनाही गोष्ट सांगितली नाही. कपाट उबदार होतं, आत एकही गुंडाळी नव्हती. पाच दाण्यांचं पाकीट त्यांनी एकदा हातात घेतलं आणि न उघडता परत ठेवलं. एवढं जड पाकीट त्यांनी आयुष्यात उचललं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"चार वर आलेत," ताई म्हणाली.

"सहातले चार म्हणजे सहासष्ट पूर्णांक…"

"गप. सहाही आले असते. दोन कोंबडीनं उकरले."

"कोंबडी बांध ना!"

"बांधलीय. सकाळपासून शिव्या देतेय मला." ताई थांबली. मग बोलली ती हळू. "वेलाला काठ्या लागतील रे. आठवड्यात वर चढायला आधार शोधेल. जमिनीवर पसरला तर कुजेल. माझा हात आता खांद्याच्या वर जात नाही."

"शेजारीण?"

"गेली. तीन वर्षं झाली."

फोनमध्ये दूर कुठंतरी कोंबडी ओरडत होती. त्यापलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं, नुसतं एक रिकामं घर. काकांना ते लगेच ओळखू आलं. तसंच इकडेही होतं.

अर्ध्या तासानं काका थंड खोलीची किल्ली घेऊन वर गेले आणि ती मॅडमच्या टेबलावर ठेवली. "रजा हवी. काठ्या लावायच्यात."

"किती दिवस?"

"शेंगा वाळेपर्यंत."

"काका, ते तीन महिने होतात! आणि वीज गेली तर?"

"बर्फवाल्याचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहिलाय. दार पटकन लावा. आत जांभई देऊ नका." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि मॅडम, अधूनमधून त्यांच्याशी बोलत जा. उघडून बघू नका. नुसतं बोला."

खाली तिन्ही टेबलांवरची धूळ त्यांनी स्वतः पुसली. खुर्च्या आत सरकवल्या. दिवा घालवताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "येतो" म्हणाले. आतून कुणी ओ दिली नाही.