हाकेचा लावा

शेर-आगाला त्यांनी चादरीत गुंडाळून आणलं, आणि त्याच्या मागून कुणाच्या तरी बोटाला अडकवलेला पिंजरा आला. चादर चौघांनी धरली होती, तरी हलकी वाटत होती. पिंजऱ्याच्या वेतात माती अडकली होती. आत लावा पक्षी जिवंत होता. एका पायावर भार देऊन बसलेला, दुसरा पाय उसवलेल्या दोऱ्यासारखा लोंबत होता.

बायका रडत होत्या. माझी सासू, बूबू, रडली नाही. तिनं पिंजऱ्याकडे बोट केलं.

"त्याला कापा. माझ्या लेकाला हाका मारून नेलं त्यानं."

खरं तर त्याची हाक माणसांना नव्हतीच. आमच्या शोमालीच्या मैदानात गहू गुडघ्याएवढा झाला की लावे उत्तरेकडे निघतात आणि वाटेत पहाटेचे शेतांत उतरतात. गडीमाणसं गव्हावर जाळं पसरतात, मधोमध काठीला पिंजरा टांगतात आणि बांधाआड श्वास धरून बसतात. पिंजऱ्यातला हाकेचा लावा बोलायला लागतो, वित्-विदिक, वित्-विदिक, आणि रानातले त्याच्याकडे येतात. उडत नाहीत, चालत येतात, लग्नघरी यावं तसे. शेर-आगाच्या लाव्याचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला. लग्न होऊन आले त्या वर्षी विहिरीवरच्या पोरी मला बघून गायच्या,

गव्हाच्या पातीआड कोण बोले, सखा माझा,
जाळं त्याचं दोऱ्याचं गं, गळा त्याचा पाखराचा.

लढाई संपून आम्ही गावी परतलो तेव्हा गावची जमीन दोन रंगांची झाली होती. सुरुंग काढणाऱ्यांनी जिथं काम केलं तिथं पांढरे दगड, जिथं हात लागला नव्हता तिथं तांबडे. पांढऱ्यात नांगर फिरला. तांबड्यात गवत माजलं, जुना गहू आपोआप उगवत राहिला. लाव्याला रंग काय कळणार? जिथं माणसाचा पाय पडत नाही, तिथंच तो उतरतो.

आमचं शेत तांबड्यात होतं. पण आमच्याकडं म्हणतात, भ्यावं ते परक्याच्या जमिनीला, आपली जमीन आपला पाय ओळखते. माझ्या सासऱ्यांनीच, बाबांनी, लेकाला सांगितलं होतं, "तुतीच्या बुंध्यापासून पाटापर्यंत पाऊलवाट आहे. माझ्या आज्यानं पाडलेली. डोळे मिटून चाल."

शेर-आगा डोळे उघडे ठेवून चालला होता.

बूबू सुरी घेऊन आली. बाबांनी पिंजऱ्यात हात घातला, लाव्याला मुठीत घेतलं आणि मूठ बाहीत ओढून घेतली.

"एका घरात एका दिवशी एकच मयत," ते म्हणाले. 

माझी इद्दत सुरू झाली, नवऱ्यामागची चार महिने दहा दिवसांची. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, डोळ्यांत सुरमा नाही. बाबांना दुसरा हात लागायचा आणि माझे हात रिकामे होते. म्हणून लाव्याची शुश्रूषा आम्ही दोघांनी केली.

गव्हाची काडी उभी चिरून त्यांनी तिच्या दोन फाका केल्या. आतून कोकराची लोकर लावली. पाय सरळ करताना लाव्यानं चोच उघडली, पण आवाज आला नाही.

"घट्ट धरू नकोस, माहगुल. नुकतं लागलेलं दही उचलावं तसं धर."

"थरथरतोय, बाबा."

"तुझाच हात थरथरतोय."

अंड्याचा पांढरा बलक आणि पीठ कालवून त्यांनी काडीवर लेप दिला, वरून दोरा गुंडाळला. शिलाजिताचा मुगाएवढा खडा कोमट तुपात विरघळवून चोचीत थेंबाथेंबानं सोडला. मी बदाम आणि राळा चावून चावून त्याचं दूध करायची. बाबा करंगळीच्या नखानं चोच उघडायचे, मी जिभेच्या टोकावरून भरवायची. कधी गिळायचा, कधी सगळं माझ्या हनुवटीवर परत यायचं. त्याची विष्ठा हिरवी पातळ झाली तेव्हा बाबांनी पाणी तोडलं आणि डाळिंबाच्या सालीचा काढा दिला. मागचं एक बोट काळं पडून गळून गेलं. ते बाबांनी उचललं, कागदात बांधलं आणि भिंतीच्या फटीत ठेवलं. आमच्याकडं माणसाच्या कापलेल्या नखांचंही तसंच करतात.

उरलेला सगळा दिवस तो बाबांच्या बाहीत असायचा. लाव्याची माणसं अशीच ओळखू येतात. एक हात कामाला, दुसरा कायमचा मिटलेला. नमाजाला उभं राहतानाच ते तो माझ्या ओंजळीत द्यायचे. जोंधळ्याच्या कणसाएवढा जीव, पण त्याचं काळीज सगळ्या अंगभर धडधडायचं.

"तुम्ही याला इतकं का जपता?" एकदा मी विचारलं.

त्यांनी बाहीतली मूठ छातीशी घेतली. मग म्हणाले, "शेर-आगा शेवटचं काय बोलला, ते याच्याच कानावर पडलं असेल."

धाकटा दीर लाल-आगा चारीकारच्या बाजारात टायरची पंक्चरं काढायचा. संध्याकाळी घरी आला की हात धुण्याआधी पिंजऱ्याशी वाकायचा.

"बोलला?"

बूबू भाकऱ्या थापता थापता मान वर करायची. तिचाही रोजचा प्रश्न तोच असायचा. "बोलला तर नाही ना?"

कारण आमच्या गावात मेलेल्याचं जाळं अर्धवट सोडत नाहीत. हंगामात जाळ्यावर माणूस गेला, तर त्याच्या भावानं त्याच जाळ्यावर, त्याच्याच लाव्यानिशी एक पहाट बसायचं, आणि पहिला सापडलेला पक्षी त्याच्या नावानं सोडून द्यायचा. तोवर मेलेला बांधाआड बसून राहतो म्हणतात. शेर-आगाचं जाळं अजून शेतातच होतं. आमच्या छपरावरून दिसायचं, तांबड्या दगडांच्या पलीकडे, गव्हावर पडलेल्या धुक्यासारखं.

"बाजारात लोक विचारतात," लाल-आगा म्हणायचा. "तो कसाई गुलाम-सखी, सगळ्यांच्या देखत म्हणतो, काय रे, भावाचं जाळं उन्हात वाळत घातलंय का?"

"त्याला म्हणावं, तू जा," बूबू म्हणायची. "तुझं मांस तू ओळखशील, तुझा धंदाच आहे."

"माझा भाऊ होता, बूबू. त्याचा नव्हता."

"आणि तू माझा कोण आहेस? भाड्यानं आणलेला?"

मग ती माझ्याकडे बघायची. इद्दत संपली की लाल-आगाशी माझा निकाह लावायचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, त्यालाही नव्हतं. तरी पाण्याचा तांब्या देताना तो खाली बघायचा, आणि खाली बघणारा माणूस मला वाईट वाटला नव्हता.

"जोवर ते पाखरू मुकं आहे," बूबू मला हळूच म्हणाली, "तोवर मला एक लेक आहे आणि तुला एक दादला."

आणि मी रोज त्या पाखराला बदाम भरवत होते.

बाबांनी लेप भिजवून काडी सोडवली तेव्हा पाय जुळला होता. हाडाला गाठ आली होती, चालताना तो एका बाजूला झुकायचा, पण चालायचा. गरम राखेत लोळला, पंख झाडले, आमच्या दोघांच्या तोंडावर राख उडवली. शेर-आगा गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. बाबा हसले, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात घेतला.

त्यानंतर दुपारच्या एका नमाजाला तो माझ्या ओंजळीत बोलला. वित्-विदिक. मोठ्यानं नाही, झोपेतलं लेकरू पुटपुटतं तसं. बाबांचं कपाळ जमिनीला टेकलेलं होतं. ते उठलेच नाहीत. खांदे हलत राहिले. सलाम फिरवून नमाज संपल्यावर ते वळले.

"ऐकलंस?"

"सोडून द्या त्याला, बाबा. आत्ताच्या आत्ता."

"लंगडा आहे. बांध ओलांडायच्या आत मांजर नेईल."

"मग बूबूची सुरी?"

त्यांनी पिंजऱ्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि पिंजरा मनुका वाळवायच्या खोलीत, पार आतल्या अंधारात नेऊन टांगला. अंधारात लावा बोलत नाही. लाल-आगाला सांगितलं, "हगवण परत लागलीय. उजेड नको."

माझ्या सासऱ्यांना मी त्याआधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांना ते जमत नव्हतं. लाल-आगानं नुसतं त्यांच्या बाहीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

शुक्रवारी दुकान बंद होतं. लाल-आगा सरळ त्या खोलीत गेला आणि पिंजरा अंगणात, उन्हात घेऊन आला. फडकं काढलं. लाव्यानं डोळे मिचकावले, मान ताणली, आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा बोलला. मग पुन्हा. मग पुन्हा. भिंतीपलीकडच्या कोंबड्या गप्प झाल्या. बूबू तंदुराशी होती, तिच्या हातातला उंडा निखाऱ्यांवर पडला.

"उद्या," लाल-आगा म्हणाला.

"उद्या काही नाही," बाबा म्हणाले. "तिकडं तांबडे दगड आहेत."

"लाला, माझा थोरला भाऊ, गेला तेव्हा नव्हते?"

"लाल-आगा!" मी म्हटलं.

"मी भांडत नाही, वहिनी. मी वाट विचारतोय." तो बाबांच्या समोर गुडघ्यांवर बसला. आवाज अगदी मऊ होता, म्हणूनच ऐकवेना. "तुमची जमीन आहे, बाबा. तुम्हीच म्हणता ती पाय ओळखते. लालाला वाट सांगितलीत. मला नाही सांगणार?"

बूबूनं नवऱ्याकडे पाहिलं. वाट कुणी सांगितली होती, हे तिला त्या घडीपर्यंत माहीत नव्हतं. ती हाताला चिकटलेलं पीठ खरवडत राहिली, कातडी लाल होईपर्यंत.

बाबांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. लावा आपण होऊनच त्यांच्या तळहातावर आला, त्या हाताची त्याला सवय होती. त्यांनी अंगठ्यानं त्याच्या पायावरची गाठ चाचपली, नीट जुळली आहे ना बघावं तशी.

"माहगुल, सुरी आण."

मी हलले नाही. बूबूनंच आणली. पण सुरी देताना तिचाच हात मागे आला. "राहू दे," ती म्हणाली. "राहू दे हो. कुठंतरी दूर देऊन टाका."

"ज्याला देऊ, त्याच्याकडून हा मागून आणेल."

बाबांनी किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला, तोंड केलं आणि बिस्मिल्ला म्हटलं. लाव्यानं मुठीत धडपड केली नाही. त्या मुठीत त्याला कधीच काही दुखलं नव्हतं.

लाल-आगा तोंडात मारल्यासारखा बघत राहिला. "माझा भाऊ आता बांधाआडच बसणार," तो म्हणाला. "तुम्ही बसवलंत त्याला तिथं."

"हो," बाबा म्हणाले. "मीच बसवलं."

बूबूनं तो शिजवला. हलाल केलेलं टाकून देणं पाप. एवढासा पक्षी, चौघांत काय पुरणार? तरी तिनं चार घास केले आणि पहिला लाल-आगापुढे धरला.

"खा. तुझ्या वाटचा जीव त्यानं दिलाय."

त्यानं तोंड फिरवलं. मग बाबांनी खाल्लं, मग मी. बूबूचा हात तसाच पुढं धरलेला राहिला, तेव्हा कुठं त्यानं घास घेतला. चावला नाही, गिळला.

मला वाटलं, संपलं. बाबांनाही तसंच वाटलं असावं, ते गाढ झोपले.

उजाडता उजाडता मी तंदूर पेटवायला अंगणात आले आणि थांबले. रात्री मोठा थवा उतरला असणार. तांबड्या दगडांच्या पलीकडून एक बोलला, मग पाटाकडून दुसरा, मग तुतीच्या बुंध्यापासून, मग मोजता येईनात. कुणी हाक मारली नव्हती. आपले आपण आले होते आणि सगळं शेत वित्-विदिक, वित्-विदिक करत होतं, शेर-आगाच्या जाळ्याच्या अवतीभवती.

लाल-आगा दारात उंबऱ्यावर बसला होता. बूबू त्याच्या मागे, जमिनीवरच. त्याच्या चादरीचं टोक तिनं मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलं होतं.

"सोड, बूबू. मी कुठं जातोय?"

तिनं सोडलं नाही. त्यानंही ओढून घेतलं नाही. मान एका बाजूला कलती करून तो शेताकडे ऐकत होता. त्याच्या पायांत बूट होते, आणि नाड्या बांधलेल्या होत्या.