उडते जंतू

पाक कार्सिमानचा उजवा पाय सोमवारी सकाळी नऊ वाजता गुडघ्याखाली कापायचा, असं डॉक्टर हांडोकोंनी बुधवारी फाइलवर लिहिलं आणि बुधवारीच दुपारी त्यांच्या वस्तीतून दोन पिकअप भरून माणसं त्यांना भेटायला आली.

किती होती ते मी मोजलं नाही. वॉर्डाच्या दारात चपलांचा एवढा ढीग पडला, की मला औषधांची ट्रॉली बाहेरच ठेवावी लागली. बायका एकाच रंगाच्या ओढण्या डोक्याला बांधून आल्या होत्या. केळ्यांचे घड, बिस्किटांचे डबे, कुणीतरी चक्क पिंजऱ्यातला बुलबुल आणला होता, आजाऱ्याला करमावं म्हणून. सगळ्यांच्या पुढे बू एर्ते. आमच्याकडे पुरुषाला मानानं पाक म्हणतात, बाईला बू; एर्ते हे नाव तिला वस्तीप्रमुखाची बायको म्हणून, आणि वस्तीप्रमुख कोण आहे हे विचारलंत तर लोक तिच्याकडेच बोट दाखवतील.

"बघू तरी, किती खोल आहे?" ती म्हणाली.

"करंगळीचं पेर जाईल एवढं." पाक कार्सिमान हसत उठून बसले. डोळ्यांखाली काळे खड्डे, अंगात कणकण, पण पाहुण्यासमोर पडून राहायचं कसं?

"अगं बाई! आणि म्हणे काडीनं झालं?"

"एवढीशी काडी," असं म्हणून त्यांनी गोष्ट सुरू केली. मी ती त्या आठवड्यात अकराव्यांदा ऐकत होते. ते आणि त्यांची बायको तुमिनेम घरी तेम्पे करायचे. सोयाबीन उकडायचं, दगडी कुंडात घालून पायांनी तुडवायचं, सालं वाहून जाऊ द्यायची, मग विरजण लावून केळीच्या पानात बांधून घट्ट वडी जमेपर्यंत दोन दिवस ठेवायचं. तुडवायचं काम पाक कार्सिमानचं, तीस वर्षं. त्या पहाटे टोपलीची बांबूची काडी कुंडात पडली आणि तळव्यात शिरली. साखरेच्या आजारानं तळवे आधीच बधिर, त्यांना काही जाणवलंच नाही. "दाणे लाल दिसले, तेव्हा कळलं!" इथे ते थांबायचे, आणि बायका तोंडावर हात घ्यायच्या.

"आणि ते दाणे?"

"फेकले हो," तुमिनेम कोपऱ्यातून म्हणायची. "सगळा घाणा फेकला."

गोष्ट संपली की नवी तुकडी आत यायची आणि काडी पुन्हा तळव्यात शिरायची.

मी फार शिकलेली बाई नाही. वॉर्डात मदतनीस म्हणून आले, बघत बघत नर्स झाले, लोकांच्या तोंडी सुस्तर, परीक्षा मागाहून दिल्या. पण अठ्ठावीस वर्षं जखमा धुतल्यात. झोपलेल्या माणसाची जखम आणि जागलेल्या माणसाची जखम मला पट्टी सोडताच कळते. पाक कार्सिमानची पिवळी, ओलसर, कडा मेलेल्या. रात्री ठणक त्यांना झोपू द्यायची नाही आणि दिवसा माणसं. साखर खाली येईना. त्यात तुमिनेम ताटातलं अंडं गुपचूप स्वतः खायची, कारण अंड्यानं जखम चिघळते असं तिच्या आईनं सांगितलेलं. अंड्याचं मी सांभाळून घेतलं, समोर उभी राहून खायला लावलं. पण माणसांचं काय करू?

आमच्याकडे पाहुण्याला जा म्हणत नाहीत. मी स्वतः अशा पिकअपमध्ये बसून गेलेय आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्यासाठीच नेलेलं केळं खाल्लंय. गेलं नाही तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात. कोण आलं नाही ते आजारी माणूसही लक्षात ठेवतो.

तरी मी प्रयत्न केले. भेटीच्या वेळेची पाटी दारावर लावली, तर बू एर्तेनं तिला ओढणी अडकवली. दारावरच्या गुनार्दीला सांगितलं, तर तो त्यांच्याच वस्तीतला. ड्युटी संपल्यावर तोही दोन भावांना घेऊन भेटायला आला. पलंगाभोवती पडदा ओढला, तर पडद्यावरून डोकं आलं. "झोपलेत का?" "नाही नाही, या ना," आतून आवाज.

गुरुवारी सकाळी पट्टी करताना मी त्यांना म्हटलं, "पाक, तुम्ही चार दिवस गाढ झोपलात, तर मी डॉक्टरांशी भांडेन. हा पाय अजून मेलेला नाही."

"झोपतो ना, सुस्तर. आज वरच्या गल्लीचे येणार आहेत, ते गेले की झोपतो."

"त्यांना नका येऊ म्हणून सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना रस्त्यात कपडे काढायला सांगितलं होतं.

दुपारी वरची गल्ली आली. बू एर्ते पुन्हा पुढे, रस्ता दाखवायला. मी तिला दारातच गाठलं. तोंडाला मास्क होताच. विलगीकरणाच्या खोलीवरची पिवळी पाटी मी काढून आणली होती आणि पाठीमागे धरली होती. पाक कार्सिमान तीन हातांवर, डोळे मिटलेले.

"बू," मी आवाज खाली आणून म्हटलं, "जखमेत जंतू सापडलेत. जरा उडते आहेत. तुमच्या घरी नातवंडं आहेत ना?"

एवढंच. तीन वाक्यं. त्यातलं फक्त नातवंडांचं खरं होतं.

बू एर्तेनं ओढणीचं टोक नाकावर घेतलं. दहा मिनिटांत चपलांचा ढीग नाहीसा झाला. बुलबुलाचा पिंजरासुद्धा गेला.

मी त्यांना टोकाच्या लहान खोलीत हलवलं, दारावर पाटी लावली. खरं काय ते तुमिनेमला सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत बू एर्तेला कळलं असतं. तिला मास्क दिला. तिनं तो इतका घट्ट बांधला की कानांमागे वळ उठले.

पट्टीआधी अर्धा तास दुखण्याचं औषध. पहाटे चारचं ब्लड प्रेशर आणि पाचची साखर, दोन्ही सहाला एकदम. ट्रॉलीच्या कुरकुरणाऱ्या चाकाला मी घरून आणलेलं खोबरेल घातलं. संध्याकाळी चांगला पाय कोमट पाण्यानं पुसायचा, खिडकीला जाड कापड. आणि मग पाक कार्सिमान झोपले. गुरुवारी दुपारी जे झोपले ते जेवणापुरते उठले आणि पुन्हा झोपले. शुक्रवारी इतके घोरले, की शेजारच्या वॉर्डातल्या म्हातारीनं तक्रार केली. त्या घोरण्यानं मला झालेला आनंद माझ्या मुलाच्या निकालानंही झाला नव्हता.

सोमवारी आठ वाजता डॉक्टर हांडोकोंनी चिमट्यानं कड दाबली. लाल रक्ताचा थेंब आला. पुन्हा दाबली, पुन्हा आला.

"काय लावलंत?"

"झोप, डॉक्टर."

ते हसले आणि फाइलवर एका नव्या मलमाचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. मलमाचं श्रेय मलमाला, माझं काही म्हणणं नाही.

पाच आठवड्यांनी ते कुबडी घेऊन, पण दोन पायांवर, बाहेर पडले. निघताना तुमिनेमनं विचारलं, "जंतू गेले ना, सुस्तर?"

तिथे मला खरं सांगता आलं असतं. दारात रिक्षा उभी होती, मागे चार पेशंट ओरडत होते. "गेले," मी म्हटलं. म्हणजे होते, हे मी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

आठवड्यातून दोनदा घरी जाताना मी स्कूटर त्यांच्या गल्लीत वळवायचे, पट्टी करायला. पहिल्याच दिवशी चुकल्याचुकल्यासारखं झालं. दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाच्या ओट्यावर आमच्याकडे आठ दिवस चटई गुंडाळली जात नाही. इथे ओटा स्वच्छ झाडलेला आणि रिकामा. स्वयंपाकघराच्या दाराशी केळीच्या पानांतल्या तेम्पेची चळत होती. पानं काळी पडलेली, उग्र वास सुटलेला.

"चार दिवसांचा आहे," तुमिनेम म्हणाली. "बाजारात माझ्या टोपलीशेजारी बसणाऱ्या दोघी पलीकडे सरकल्या. कुणी काही बोलत नाही हो. हसतात. 'आज घरी तेम्पे आहे,' म्हणतात. सगळ्यांच्याच घरी रोज तेम्पे कसा?"

"पाक तर आता कुंडात उतरतही नाहीत!"

"मी तुडवते. सांगितलं मी. तर म्हणतात, हो का, बरं. आणि ते लाल दाणे... यांनीच प्रत्येकाला रंगवून सांगितलं ना. आता ज्यानं त्यानं हिशेब लावलाय, त्या आठवड्यात आपण काय खाल्लं."

मी तडक बू एर्तेकडे गेले. तिनं चहा दिला, तळलेली केळी दिली. मी सांगून टाकलं, "बू, मी खोटं बोलले. जंतू नव्हतेच. त्यांना झोप मिळावी म्हणून बोलले."

ती माझ्या हातावर हात ठेवून हसली. "कळतं हो, सुस्तर. किती माया तुमची."

"माया नाही, खरं सांगतेय!"

"हो हो. आम्ही कुठे काही म्हणतोय? तो आमचाच माणूस आहे. तुम्ही केळी घ्या."

भिंतीशी बोलले असते तर निदान आवाज तरी परत आला असता.

पुढच्या रविवारी बायकांची भिशी होती. मी तुमिनेमकडून तेम्पे घेतला, स्वतः तळला आणि ताट भरून नेला. सगळ्यांसमोर तीन तुकडे खाल्ले, चौथा तिखटाबरोबर. "घ्या ना," मी म्हटलं. प्रत्येकीनं घेतला. प्रत्येकीनं छानसा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. "पोरांसाठी नेते, सुस्तर." एक तरुण सून हळूच म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्ही नर्स. तुम्हाला लस असते."

परतताना पुलावरून मला खाली केळीच्या झुडपात पांढरे कागदाचे बोळे दिसले. मी थांबून मोजले नाहीत.

शेवटची पट्टी करायला गेले तेव्हा जखमेवर गुलाबी कातडी आली होती, नवजात पोराच्या टाचेसारखी. तुमिनेम मागे विहिरीवर होती. दगडी कुंड अंगणात पालथं पडलेलं, त्यावर मांजर झोपलेलं.

"पाक," मी पट्टीची गुंडाळी करत म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय. ते जंतू..."

"माहीत आहे, सुस्तर."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही बू एर्तेला दारात सांगत होतात, तेव्हा मी जागाच होतो. डोळे नुसते मिटलेले." ते स्वतःच्या पायाकडे बघत होते. "मी तेव्हाच म्हणू शकलो असतो, असं काही नाही, या आत. जिभेवर आलं होतं. पण सुस्तर, मला इतकी झोप येत होती हो."

मी गुंडाळलेली पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळू लागले.

"तुमिनेमला नका सांगू," ते म्हणाले. "ती जंतूंना शिव्या देते. ते बरं आहे. मला दिल्या तर मी कुठे जाऊ?"

"पण पाक, तुमचा बिछाना..." मी ओट्यावरची एकट्याची गादी आल्याबरोबर बघितली होती.

"ती आत झोपते. मी इथे. हवा छान असते."

तेवढ्यात तुमिनेम चहा घेऊन आली. माझ्यासाठी काचेचा पेला, झाकणीसकट. त्यांच्यासाठी लाल खूण केलेला पत्र्याचा मग. मला ओरडून सांगावंसं वाटलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी हात पुढे केला आणि त्यांचा मग उचलला, दोन घोट घेतले.

"अहो, तो त्यांचा!"

"माहीत आहे, बू. तुमचा नवरा बरा आहे. तुमच्याआमच्याइतका. कधीच काही नव्हतं."

"हो ना, सुस्तर," ती म्हणाली. हसली. थेट बू एर्तेसारखी. माझ्या हातातून मग अलगद घेतला, माझा पेलाही घेतला, मी त्याला अजून ओठ लावला नव्हता तरी, आणि आत गेली. किटलीचं झाकण वाजलं. उकळतं पाणी भांड्यात पडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्यांदा.

मी पिशवी भरली. आता पुन्हा यायचं कारण उरलं नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं असावं.

"बसा की जरा," पाक कार्सिमान म्हणाले. "घाई आहे का?"

"नाही."

त्यांनी पाय चटईवर नीट लांब केला. "तुम्हाला सांगतो, सुस्तर, एवढीशी काडी होती. टोपलीची. पहाटेची वेळ, अजून नीट दिसत नव्हतं..."

"मग?" मी म्हटलं.

ते सांगत राहिले. कुंड, गरम दाणे, पाण्यावर तरंगणारी सालं. दाण्यांपाशी आले तेव्हा थांबले, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मग कळलं," ते एवढंच म्हणाले.

मी तोंडावर हात घेतला.